बहिणीचा वाटा आणि देवाचा करार

एका वाचकाचं पत्र आधी देते. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, बाकी मजकूर त्यांचाच आहे.

‘आदरणीय ताई,

प्रभूच्या नावात सलाम. माझं वय सदुसष्ट. रेल्वेत नोकरी झाली, बरीच वर्षं अजनीला क्वार्टरमध्ये काढली, आता मोहननगरात वडिलांच्या जागेवर राहतो. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा बाबांचा हात धरून मी त्या गर्दीत होतो. म्हणजे देवाधर्माचं कळत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

१९९८ साली बाबा गेले. आई आधीच गेली होती. आम्ही दोघंच, मी आणि धाकटी बहीण. ती चंद्रपूरला नर्स. मी तिला सांगितलं, बाबांच्या डोक्यावर कर्ज आहे, घर विकायची पाळी येईल, तू हक्कसोडपत्र करून दे, मी निस्तरतो. कर्ज नव्हतं. ती रजा काढून आली, रजिस्ट्री ऑफिसात सही केली, जाताना माझ्या मुलांच्या हातावर शंभर-शंभर रुपये ठेवले. एक प्रश्न विचारला नाही. पुढे मी घर पाडून तीन मजले बांधले. खाली दोन दुकानं आहेत, त्यांच्या भाड्यावर मुलं शिकली.

तेव्हापासून दर शुक्रवारी उपास करून राहिलो. चर्चला उत्पन्नाच्या दशांशाच्या जागी पंचमांश देतो. चर्चच्या छताचं काम निघालं तेव्हा मोठी रक्कम दिली, नाव लावू दिलं नाही. प्रभुभोजनाला (भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला) उठत नाही, बाकावर बसून राहतो. लोकांना वाटते गुडघे दुखतात. गेल्या वर्षी बायको कॅन्सरने गेली. मुलाचा धंदा बसला. त्यात एका सभेत वक्ते म्हणाले, करार मोडणाऱ्याच्या घरावरून देव आपला हात काढून घेतो. पाळकांना आडून विचारलं, तर म्हणाले, ख्रिस्ताच्या रक्ताने सगळं धुतलं गेलं, मागचं उकरू नका.

देवाने माझ्याशी केलेला करार मोडला का? अजून किती प्रायश्चित्त केलं म्हणजे पुरेल? आणि बहिणीला सांगू, की हे माझ्यात आणि देवात राहू देऊ? ती अजूनही दर नाताळला करंज्यांचा डबा पाठवते.’

प्रिय भाऊ, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यासाठी तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही. हो, बहिणीला सांगा. सगळं सांगा, आणि तिचा वाटा तिला द्या. कसं सांगायचं ते पुढे लिहिते. पण आधी पहिले दोन प्रश्न. त्यांचं उत्तर नीट बसलं नाही तर चंद्रपूरला जाणं हाही तुमच्या शुक्रवारांसारखा आणखी एक दंड होऊन बसेल.

देवाने करार मोडला का? नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. बायबलमध्ये करार म्हणजे काय, हे त्याच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात, जसं उघडं दिसतं तसं दुसरीकडे क्वचितच दिसतं. हे सदर वाचणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ आहेत, म्हणून ती हकिकत जरा सविस्तर सांगते.

अब्राम म्हातारा होत चाललेला, मूलबाळ नाही. देवाने संतती आणि देश देण्याचं वचन दिलेलं. अब्राम विचारतो, हे मला मिळेल हे मी कशावरून समजू? देव रागावत नाही. तो त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरून अर्धी अर्धी समोरासमोर मांडतो. मांसावर गिधाडं उतरतात, तो दिवसभर ती हाकलत बसतो. सूर्य मावळतो, त्याला गाढ झोप लागते, आणि अंधारात धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते.

त्या काळी करार असा करण्याची रीत होती. कापलेल्या जनावरांच्या मधून चालत जायचं, म्हणजे ‘मी शब्द मोडला तर माझी गत यांच्यासारखी होवो’ असं स्वतःवर ओढून घ्यायचं. ज्याने शब्द द्यायचा त्याने चालायचं. इथे अब्राम झोपलेला आहे. चालतो तो एकटा देव. कराराचा सगळा भार, मोडला तर भोगायचा शापसुद्धा, देवाने स्वतःच्या अंगावर घेतला. पुढे हाच अब्राम, आता अब्राहाम या नावाने, वचनाचा मुलगा इसहाक जन्मण्याआधी घाबरून पुन्हा आपल्या बायकोला बहीण म्हणून परक्या राजाच्या घरी जाऊ देतो. तरी करार उभा राहतो, कारण तो त्याच्या पायांवर उभा नव्हताच.

पुढे सीनायच्या डोंगराशी अब्राहामाच्या वंशजांनी, इस्राएल लोकांनी, स्वतःच्या तोंडाने ‘सगळं पाळू’ म्हटलं, आणि त्यांचा पुढारी मोशे चाळीस दिवस वर राहिला तेवढ्यात सोन्याचं वासरू ओतलं. आज्ञा कोरलेल्या पाट्या फुटल्या. पण त्याच देवाने दुसऱ्या पाट्या घडवायला सांगितल्या, आणि त्या वेळी आपलं नाव उच्चारलं ते दयाळू, मंदक्रोध, आणि तरीही दोषीला सहज मोकळं न सोडणारा असं. दोन्ही एका श्वासात आहे. तुमच्या पत्राचं सगळं उत्तर खरं तर त्या एका श्वासात आहे. तुमच्या सभेतल्या वक्त्यांनी त्यातला दोषीला न सोडण्याचा भाग घेतला, तुमच्या पाळकांनी दयेचा.

वक्त्यांचं आधी घेते, कारण त्यांच्या बोलण्याने तुमच्या दुःखावर विष पडलं आहे. तुमची पत्नी कर्करोगाने गेली ती तुमच्या दंडाची वसुली म्हणून गेली, असं मानू नका. ती एक पूर्ण माणूस होती. तिचं आयुष्य, तिचं दुखणं, तिचं मरण तिचं स्वतःचं होतं. देवाने नवऱ्याचा हिशेब चुकता करायला तिला वापरलं असं म्हणणं हा तिचा अपमान आहे, आणि देवाचाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, कुणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, यानेही नाही, त्यांनीही नाही. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? नाही, म्हणाला. मात्र त्याच वाक्याला जोडून तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करा असंही म्हणाला.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. दावीद राजाने आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली, उरीयाला मारवलं, आणि तिला झालेलं मूल दगावलं. तिथे नाथान संदेष्ट्याने त्या मरणाचा संबंध पापाशी जोडून सांगितला आहे. पण तिथे संदेष्टा होता, आणि तो थेट देवाचा निरोप घेऊन आला होता. तुमच्याकडे असा कुणी आलेला नाही. व्यासपीठावरून सगळ्या सभेला उद्देशून फेकलेलं वाक्य म्हणजे नाथान नव्हे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले आशीर्वाद आणि शाप इस्राएल नावाच्या राष्ट्राला, त्याच्या देशाबद्दल सांगितलेले आहेत. ते उचलून एका घरातल्या आजारपणावर चिकटवणं मला पटत नाही. संकटात सापडलेल्या नीतिमान ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर झाला नाही, त्या मित्रांवर झाला.

आता प्रायश्चित्त. यावर मी जास्त थांबणार आहे, कारण तुमची गाठ इथे आहे.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा दिवस सांगितला आहे. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, वर्षातून एकदा. मुख्य याजक तागाची साधी वस्त्रं घालतो. दोन बकरे आणतात, चिठ्ठ्या टाकतात. एकाचं रक्त पडद्याच्या आत नेऊन कराराच्या कोशावरच्या दयासनासमोर शिंपडतात. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवून लोकांचे सगळे अपराध तोंडाने कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. दयासन म्हणजे त्या कोशाचं झाकण, आणि कोशाच्या आत कराराच्या पाट्या. मोडलेला करार खाली आणि त्याच्यावर रक्त. हे सगळं देवाने नेमून दिलं. लोकांनी शोधून काढलेला हा उपाय नाही. देवाला राजी करायला माणसाने काही वर पाठवायचं असा इथे क्रमच नाही. ‘मी ते तुम्हाला वेदीवर दिलं आहे’ असं पुढच्याच अध्यायात रक्ताबद्दल देव म्हणतो.

बायबलमधल्याच ‘इब्री लोकांस पत्र’ याचा लेखक हाच दिवस डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं जाणं शक्य नव्हतं, म्हणून तर ते वर्षानुवर्षं करावं लागे. ख्रिस्ताने ते एकदाच केलं. याजक रोज उभा राहतो, कारण त्याचं काम संपत नाही. ख्रिस्त बसला, कारण त्याचं संपलं. अब्रामाच्या त्या रात्री देवाने जो शाप अंगावर घेतला होता तो क्रूसावर खरोखर त्याच्या अंगावर आला, असं अनेक ख्रिस्ती वाचक वाचतात.

हे नेमकं कसं घडलं यावर मंडळीने दोन हजार वर्षं विचार केला. सुरुवातीच्या शिक्षकांनी खंडणी भरून सोडवणूक आणि मृत्यूवर विजय असं मांडलं. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाची भरपाई म्हटलं, सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी आपल्या जागी भोगलेली शिक्षा म्हटलं. मंडळी उपासनेत म्हणते त्या निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, यातलं एकही स्पष्टीकरण बंधनकारक केलेलं नाही. ‘आमच्याकरिता’ एवढंच आहे. तुम्ही लहानपणी ज्या मंडळीचा जन्म पाहिला, तिच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठ्यांनाच देणारे एका छताखाली आले. त्यांचीही स्पष्टीकरणं एकसारखी नव्हती, तरी भोजन एकच राहिलं. मला स्वतःला एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. रागीट बाप आणि मध्ये पडणारा दयाळू मुलगा असं चित्र मनात असेल तर ते पुसून टाका. प्रेषित पौल म्हणतो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. चालणाराही देवच, भोगणाराही देवच.

म्हणून ‘अजून किती’ याचं उत्तर आहे: काहीच नाही. तुमच्या शुक्रवारच्या उपासांनी क्रूसावर तसूभरही भर पडलेली नाही, आणि पडणार नाही. तुम्ही इतकी वर्षं ज्या खात्यात हप्ते भरताय त्या खात्यावर तुमच्या नावे बाकीच नाही. बाकी आहे ती चंद्रपूरच्या खात्यावर, आणि तिथे तुम्ही एक रुपया भरलेला नाही.

हे वाक्य कठोर आहे, मला माहीत आहे. पण तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात, आणि तुम्ही मला खरं विचारलं आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय काढा. यरुशलेमाला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला होता. सिद्कीया राजाने आणि सरदारांनी मंदिरात करार केला, वासरू चिरून त्याच्या तुकड्यांमधून चालत गेले, की आपण आपले इब्री दासदासी मोकळे करू. मोकळे केले. मग फौज मागे हटली, जिवावरचं टळलं, आणि त्यांनी त्याच माणसांना पुन्हा धरून आणून दास केलं. देव काय म्हणतो? तुम्ही माझं नाव भ्रष्ट केलं. अन्याय झाला होता दासदासींवर, देवाने तो आपल्याशी केलेला करारभंग धरला. अब्रामाच्या करारात माणूस झोपला होता आणि देव चालला. या करारात माणसं स्वतःच्या पायांनी चालली, आणि ज्यांच्यासाठी चालली त्या दुबळ्यांनाच त्यांनी फसवलं. बहिणीची सही ही फक्त घरातली बाब नाही, हे यापेक्षा स्पष्ट सांगणारा शास्त्रभाग मला ठाऊक नाही.

आणि आता पाळकांचं म्हणणं. त्यांचा मान राखून सांगते, मला ते मान्य नाही. रक्ताने धुतलं गेलं हे खरं, पण म्हणून बहिणीचा अर्धा वाटा तुमचा होत नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायात नेमकी तुमचीच परिस्थिती आहे: आपल्या भाऊबंदाला खोटं सांगून त्याचं काही दाबून ठेवणारा माणूस. त्याने काय करायचं? मूळ वस्तू पुरती परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पणाच्या दिवशीच ते मालकाला द्यायचं. मग याजकाकडे एडका. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आणखी पुढचं आहे. ज्याचं बुडवलं तो माणूस नसेल आणि त्याचा जवळचा नातलगही नसेल, तरच ती भरपाई याजकाला जाते. म्हणजे मंदिराचा नंबर शेवटचा. तुम्ही इतकी वर्षं पाचवा हिस्सा दिला खरा, पण दिला तो चर्चला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तो बहिणीचा होता, आणि तोही मुद्दल फेडल्यावरचा.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल सांगितलं आहे, की माणूस आणि देव यांच्यामधल्या अपराधांचं प्रायश्चित्त तो दिवस करतो, पण माणूस आणि शेजारी यांच्यामधल्या अपराधांचं करत नाही, जोवर तो शेजाऱ्याची समजूत काढत नाही. येशूने डोंगरावर हेच आणखी तातडीने सांगितलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा.

पण मग क्षमा परतफेडीवर अवलंबून आहे का, असं तुम्ही लगेच विचाराल. तुमच्या पत्रावरून तुमचं मन मला तेवढं कळलं आहे. जक्कयाची गोष्ट पाहा. यरीहोचा जकातदारांचा मुख्य, झाडावर चढून बसलेला. येशू त्याला आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. सगळं गाव कुरकुरतं. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. पाहुणा आधी घरी आला, पैसे नंतर बाहेर निघाले. चौपट दे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला दार उघडं मिळालं त्याचा हात आपोआप मोकळा होतो. तुम्ही हात मोकळा न करता दार उघडायचा प्रयत्न इतकी वर्षं करत आलात, म्हणून थकलात.

आता व्यवहाराचं. चंद्रपूरला स्वतः जा. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. जाण्याआधी कागद जमवा: हक्कसोडपत्राची नक्कल, घराची आखीव पत्रिका, आजच्या बाजारभावाचा अंदाज, आणि दुकानांचं भाडं सुरू झाल्यापासूनचा जमेल तेवढा हिशेब. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. तुमची आई आधी गेली होती, तुम्ही दोघंच. म्हणजे बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर अर्धं घर तिचं होतं. तुम्ही बांधलेल्या मजल्यांचा खर्च वेगळा काढता येईल, तो वकील काढून देतील. वकील तुमचा एकट्याचा नको. तिला तिचा घेऊ द्या. फसवून घेतलेली सही कायद्यात रद्द होऊ शकते आणि त्याची मुदत फसवणूक कळल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे तुम्ही सांगाल त्या दिवशी तिच्या हातात तुमच्याविरुद्ध कोर्टात जायचा हक्क येईल. तो येऊ द्या. हे समजून जा, पण जा.

मुलाला आधी सांगा, त्याची परवानगी मागू नका. धंदा बसलेला मुलगा म्हणेल, आत्ताच कशाला? त्याचं दुखणं खरं आहे, त्यासाठी तुमच्या वाट्यातून जे करायचं ते करा. आत्याच्या वाट्यातून त्याला आणखी एकदा मदत करू नका.

तिच्यासमोर बसाल तेव्हा थोडं बोला. कर्ज नव्हतं, मी खोटं बोललो, घराचा अर्धा भाग तुझा होता, हे कागद. एवढं पुरे. वहिनी गेली, मी किती उपास केले, रात्री झोप लागत नाही, हे काही त्या दिवशी काढू नका. तिला तुमची कीव करायला लावू नका. ‘प्रभूने मला क्षमा केली’ असं चुकूनही म्हणू नका. ते खरं असलं तरी तिच्या तोंडावर ते दडपण होतं. तिच्याकडे त्याच बैठकीत क्षमा मागून उत्तराची वाट पाहत बसू नका. ती रडेल, ओरडेल, कदाचित म्हणेल की मला तेव्हाच कळलं होतं. बहिणींना पुष्कळदा कळलेलं असतं. हक्कसोडपत्राची पत्रं माझ्याकडे येतात त्यांत सही करणाऱ्या बहिणींचीही असतात, आणि त्या बहुतेक एकच लिहितात: घराचं काही वाटत नाही, पण भावाने मला खोटं सांगितलं. त्या वर्षांत तिने मुलांच्या शिक्षणाला कर्ज काढलं असेल, नाइट ड्युट्या वाढवून घेतल्या असतील. ते ऐकून घ्या. मध्ये खुलासा करू नका.

आणि ती म्हणाली, ‘जाऊ दे दादा, मला काही नको’? तेव्हा सुटल्यासारखं वाटून परत येऊ नका. १९९८ सालीही ती काही न विचारताच सही करून गेली होती. तिचा वाटा कागदावर तिच्या नावे करा; मग तिने तो घ्यावा, मुलांना द्यावा, दान करावा, तिची इच्छा.

उपासाचं म्हणाल तर शुक्रवारी उपास करायला माझी हरकत नाही. मात्र निदान काही महिने तो सोडा, जेवा, म्हणजे ती फेड नव्हती हे अंगवळणी पडेल. चर्चला द्यायचं ते नेहमीचं द्या, वरचं थांबवा; बहिणीचं फिटेपर्यंत तो पैसा तुमचा नाही.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही बाकावर बसून राहता त्यामागे पौलाचा तो इशारा आहे, अयोग्य प्रकारे जो खाईल-पिईल तो दोषी ठरेल. पण ज्यांना त्याने हे लिहिलं त्या करिंथ शहरातल्या मंडळीत काय चाललं होतं ते त्याच अध्यायात आहे. तिथले सुखवस्तू लोक गरिबांची वाट न पाहता आधीच जेवून घेत, एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन झिंगे. मंडळीतल्या दुबळ्याला बाजूला सारून जेवणं हे अयोग्य. त्यावर पौल काय सांगतो? माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून दूर राहावं असं तो म्हणत नाही. येशूने प्याला हातात घेऊन ‘हा माझ्या रक्तातला नवा करार’ म्हटलं ती रात्र त्याला धरून दिल्याची होती. त्या मेजाभोवती नाकारणारा पेत्र होता, पळून जाणारे बाकीचे होते. यिर्मयाने ज्या नव्या कराराबद्दल सांगितलं होतं, की नियम लोकांच्या हृदयावर लिहिला जाईल आणि देव त्यांचं पाप पुन्हा आठवणार नाही, तो अशा माणसांशी झाला.

तर पुढच्या भोजनाच्या रविवारी उठा. चंद्रपूरचं जाणं त्याआधी झालं तर फारच चांगलं. झालं नाही, बहिणीने वेळ मागून घेतला, वकिलाकडे कागद अडकले, तरी उठा. गाडीचं तिकीट मात्र त्याआधी काढलेलं असू द्या. आणि शनिवारी संध्याकाळी पाळकांकडे जा. या खेपेला आडून विचारू नका. घर, सही, खोटं कर्ज, सगळं सरळ सांगा, आणि तुमच्यासोबत चंद्रपूरला येता का असं त्यांना विचारून पाहा.